सहामाहीचा नफा

कंपन्यांचीं तिमाही व सहामाही हिशोबपत्रकें हल्लीं वर्तमानपत्रांत पानभर छापून येतात. वरच्या रकान्यांतील मोठे आंकडे बहुतेक वाचक पाहतात. त्यांखालीं बारीक टायपांत ज्या टीपा असतात त्यांकडे मात्र क्वचितच कोणाची दृष्टि वळते. त्या टीपांत एक वाक्य ठराविक असतें. तें असें कीं, प्रस्तुत पत्रक तयार करतांना गेल्या वार्षिक हिशोबांत जीं धोरणें पाळलीं होतीं तींच येथेंहि पाळलीं आहेत. हें वाक्य इतकें रुक्ष आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु इतिहास आहे. त्यांत एका विलायती कापडवाल्याचा उत्कर्ष व अधःपात आहे, आणि आमच्या मुंबई इलाख्यांतून धांवणाऱ्या आगगाडीच्या पायीं येथील रयतेच्या करांतून गेलेला पैसाहि आहे. तो वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

वर्ष हें व्यापाराचें स्वाभाविक माप होय. आपल्याकडील पेढीवाला बलिप्रतिपदेस नव्या वह्यांचें पूजन करून जुन्या खात्यांची बाकी पुढें ओढतो, यांत नुसता धर्माचार नाहीं. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत पेरणी, सुगी, लग्नसराई व पावसाळा हीं सारीं एकदां येऊन जातात. तेजी व मंदी एकमेकींचें देणें पुष्कळ अंशीं फेडून टाकतात, आणि मग जी बाकी उरते तिला नफा म्हणण्यास कांहीं आधार असतो. वर्षाचे दोन तुकडे केले कीं हा आधार सुटतो. वैशाखांत घर शाकारलें, तर तो खर्च कोणत्या सहामाहीचा? ज्या महिन्यांत मजुरी दिली तिचा, कीं ज्या पावसांत त्या शाकारणीचा उपयोग झाला तिचा? दोन्ही उत्तरें प्रामाणिक असूं शकतात. मात्र नफा दोहोंत निरनिराळा येतो. असल्या प्रश्नांचें जें उत्तर आधीं ठरवून ठेवावयाचें व मग सोईप्रमाणें बदलावयाचें नाहीं, त्यासच हिशोबाचें धोरण म्हणतात. माप जितकें आंखूड तितके हे प्रश्न अधिक, आणि म्हणून धोरणाचें वजनहि अधिक.

सहामाही हिशोबाची चाल मोठ्या प्रमाणावर पाडली ती इंग्लंडांतील आगगाडीच्या कंपन्यांनीं. १८४५ सालीं पार्लमेंटनें कंपन्यांच्या कारभारासंबंधीं जो सर्वसाधारण कायदा केला, त्यांत भागधारकांच्या साधारण सभा वर्षांतून दोनदां, फेब्रुवारींत व आगस्टांत, भराव्या असें ठरविलें होतें. प्रत्येक सभेपूर्वीं निदान चौदा दिवस वह्यांची बाकी काढून ताळेबंद तयार ठेवावयाचा, आणि ज्यायोगें भांडवल घटेल असा लाभांश वांटावयाचा नाहीं, हींहि कलमें त्यांत होतीं. कायदा दिसावयास चोख होता. परंतु हिशोब तपासणारा मनुष्य कोण असावा? तर निदान एका भागाचा मालक असलेला भागधारक. त्याला हिशोबाचें ज्ञान असावें अशी अट नव्हती! सहा महिन्यांनीं हातांत लाभांश पडावा एवढीच ज्याची इच्छा, त्यासच त्या लाभांशाचा परीक्षक नेमल्यासारखें हें झालें.

या व्यवस्थेचा पुरता फायदा घेणारा पुरुष लवकरच पुढें आला. जॉर्ज हडसन याचा जन्म १८०० सालचा. यॉर्क शहरांत कापडाच्या दुकानीं उमेदवारी करून तो भागीदार झाला. १८२७ सालीं एका नातलगाची मोठी इस्टेट त्याला मिळाली. पुढें तो यॉर्कचा लॉर्ड मेयर झाला, अनेक लोहमार्गांचा अध्यक्ष झाला, आणि १८४५ सालीं संडरलंडतर्फें पार्लमेंटांत गेला. लोक त्याला ‘आगगाड्यांचा राजा’ म्हणत. त्याच वर्षाच्या आक्टोबरांत डबघाईस आलेल्या ईस्टर्न कौंटीज कंपनीच्या भागधारकांनीं त्याला मोठ्या आशेनें आपला अध्यक्ष केलें. अध्यक्ष बदलला आणि लाभांश वाढला. गाड्या त्याच, मार्ग तोच. पण नफा मात्र नवा, हा चमत्कार पाहून कोणी फारशी शंका घेतली नाहीं, कारण भागांचे भाव चढत होते.

ही किमया समजून घेण्यासाठीं भांडवली खर्च व चालू खर्च यांतील भेद ध्यानांत घ्यावा लागतो. नवा मार्ग बांधला तर तो खर्च भांडवलाचा. झिजलेला रूळ बदलला तर तो चालू उत्पन्नांतून भागवावयाचा. हें तत्त्व मुलासहि समजेल. पण झिजलेल्या हलक्या रुळाच्या जागीं भारी वजनाचा रूळ घातला तर? कांहीं भाग दुरुस्तीचा, कांहीं सुधारणेचा. किती कोणता, हें ठरविणारा मनुष्य कचेरींत बसलेला असतो, आणि फेब्रुवारीची सभा जवळ येत असते. जो जो खर्च भांडवलाच्या खात्यांत सरकवावा, तितका त्या सहामाहीचा नफा फुगतो, आणि नव्या भागांचा पैसा जुन्या भागधारकांस लाभांश म्हणून परत जातो. हडसनच्या कारभारांत हें तर झालेंच, त्यापलीकडेहि झालें. १८४९ सालीं ईस्टर्न कौंटीजच्या भागधारकांनीं विल्यम कॅश या गृहस्थाच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. तिला असें आढळलें कीं, प्रसिद्ध होण्यापूर्वीं आंकड्यांत फेरफार झाले होते, उत्पन्नावर पडावयाचे खर्च भांडवलावर पडले होते, आणि वांटलेल्या लाभांशाचा मोठा भाग कमाविलेलाच नव्हता.

येथें एक गोष्ट मौजेची आहे. हडसनच्या अधःपाताला आरंभ झाला तो अशाच एका सहामाही सभेंत. १८४९ च्या फेब्रुवारींत त्याच्या दुसऱ्या एका कंपनीच्या सभेस एका दलाल भागधारकानें विचारलें कीं, कंपनीनें अमुक मार्गाचे भाग बाजारभावाहून इतके चढे घेतले कसे, आणि विकणारा कोण? विकणारा स्वतः अध्यक्षच निघाला. त्या एका प्रश्नानें सगळा डोलारा हालला. म्हणून सहामाही सभेस केवळ नांवें ठेवून चालणार नाहीं. ज्या सभेनें लाभांशाची हांव वाढविली, तिनेंच जाब विचारण्याची जागाहि दिली. हडसन पुढें परदेशीं राहूं लागला, १८६५ सालीं देण्यासाठीं यॉर्कच्या तुरुंगांत पडला, व १८७१ सालीं मरण पावला. लॉर्ड्सच्या सभेनें लॉर्ड माँटीगल यांच्या अध्यक्षतेखालीं १८४९ सालींच आगगाड्यांच्या हिशोबतपासणीचा विचार करण्यास समिति बसविली. परंतु त्यावर कायदा होण्यास जवळजवळ वीस वर्षें लोटलीं.

हडसन लबाड होता, म्हणून त्याची गोष्ट सोपी. प्रामाणिक मनुष्याची अडचण याहून कठीण होती. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा व्यवस्थापक कॅप्टन मार्क ह्यूइश (हा पूर्वीं आमच्याकडेच, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाली फौजेंत अंमलदार होता) याच्यापुढें प्रश्न असा आला कीं, रूळ व इंजिनें आज झिजतात, पण बदलावीं लागतात पुष्कळ वर्षांनीं. प्रत्येक सहामाहींत त्यासाठीं कांहीं रक्कम बाजूस काढावी, कीं बदलण्याची वेळ येईल त्या सहामाहीवर सर्व बोजा टाकावा? त्याच्या कंपनीनें नूतनीकरणाचा निधि काढलाहि, पण तो पुढें टिकला नाहीं. डॉ. डायोनीसियस लार्डनर यानें १८५० सालीं आगगाड्यांच्या अर्थशास्त्रावर जें पुस्तक लिहिलें त्यांत रुळांच्या झिजेचा हा प्रश्न सविस्तर चर्चिला आहे. पण रुळाचें आयुष्य किती हें त्या काळीं कोणासच अनुभवानें ठाऊक नव्हतें, आणि भागधारकांस घसाऱ्यासाठीं राखून ठेवलेला पैसा म्हणजे आपल्या ताटांतून काढलेला घांस वाटे. अखेर १८६८ च्या कायद्यानें सर्व कंपन्यांस सहामाही पत्रकाचा एकच नमुना लावून दिला. भांडवलाचें खातें निराळें, उत्पन्नाचें निराळें, आणि दोहोंमधील भिंत कागदावर तरी उभी. घसारा काढण्याची सक्ति मात्र त्यांत नव्हती. रूळ बदलला कीं खर्च टाका, एवढ्यावरच व्यवहार चालला. १९११ च्या कायद्यानें तर तेथील आगगाड्यांचे हिशोबच सहामाहीऐवजीं वार्षिक केले.

आतां आमच्याकडे वळूं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची स्थापना पार्लमेंटच्या कायद्यानें १८४९ च्या आगस्टांत झाली, म्हणजे हडसनचें बिंग फुटलें त्याच वर्षीं. त्याच महिन्यांत तिचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला. जमीन फुकट, आणि भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली; १८६३ सालीं बोरघाट खुला झाला; १८६७ सालीं मार्ग नागपुरास पोंचला, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस गाडींत बसून मुंबईस येऊं लागला. हें सर्व शाळेंतील पुस्तकांतहि असतें. त्या कराराचा हिशोबी भाग मात्र तेथें नसतो.

हमीमुळें पहिली गोष्ट ही झाली कीं, भांडवली खात्याचा अर्थच पालटला. इंग्लंडांत जो खर्च भांडवलावर टाकला जाई त्याचा निदान भाग घेणाऱ्यास पुढें चटका बसे. येथें भांडवलावर पडलेल्या प्रत्येक पौंडास हिंदुस्थानच्या तिजोरींतून पांच टक्के बांधलेले होते. हिंदुस्थानचे माजी अर्थसचिव मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साफ सांगितलें कीं, हमी मिळाल्यावर आपला पैसा विटा-चुन्यांत गेला कीं हुगळींत फेंकला गेला याची विलायती भांडवलवाल्यास पर्वा नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म तिच्यांतच आहे. १८७० च्या सुमारास झालेल्या नव्या व्यवस्थेप्रमाणें हमीच्या व्याजाहून जें अधिक उत्पन्न होईल तें सरकार व कंपनी यांनीं निमेनिम वाटून घ्यावयाचें, आणि कमी पडेल तें एकट्या सरकारनें भरून द्यावयाचें, असें ठरलें. मागील वर्षांत सरकारनें व्याजापायीं भरलेल्या रकमांची वसुली सोडून देण्यांत आली, आणि पंचवीस वर्षांनीं मार्ग विकत घेण्याचा हक्कहि पुढें ढकलला गेला. आणि हा सारा हिशोब वर्षाचा नव्हता. तो सहामाही होता. एक सहामाही जूनअखेर, दुसरी डिसेंबरअखेर.

आतां मुंबईच्या व्यापाराची चाल पाहावी. कापूस व धान्य यांची रहदारी मुख्यतः हिंवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत. मृगाचा पाऊस पडला कीं माल थांबतो, घाटांत दरडी येतात, आणि दिवाळीपर्यंत गाडी अर्धी रिकामी धांवते. अर्थात् पहिल्या सहामाहींत उत्पन्न उतूं जावयाचें आणि दुसऱ्या सहामाहींत आटावयाचें, हें दरवर्षाचें. समजुतीसाठीं आम्ही काल्पनिक आंकडे घेतों. पहिल्या सहामाहींत हमीच्या व्याजाहून ३० लाख अधिक मिळाले, दुसरींत २० लाख कमी पडले. वर्षाचा विचार केला तर शिल्लक १० लाख. सरकारला ५, कंपनीला ५. पण सहामाही हिशोबानें काय होतें तें पाहा. जूनअखेर ३० लाखांची वाटणी होऊन कंपनीनें १५ घेतले व सरकारनें १५ घेतले. डिसेंबरअखेर सरकारनें २० लाख भरले. वर्षाच्या शेवटीं कंपनीच्या पदरांत १५ लाखांचा नफा, आणि सरकारला ५ लाखांची खोट! एकहि आंकडा खोटा नाहीं, एकहि वही लपविलेली नाहीं. कंपनीच्या कारकुनानें अगदीं धर्मराजाप्रमाणें हिशोब लिहिला तरी तिजोरीची हानि व्हावयाचीच, कारण वर्ष कोठें कापावयाचें हें करार करतांनाच ठरून गेलें होतें. येथील मोसमी पावसाचा विचार त्या वेळीं कोणीं केला होता कीं नाहीं, याविषयीं तर्क करीत बसण्यांत अर्थ नाहीं. फायदा कोणाकडे गेला हें स्पष्ट आहे.

त्यांत हुंडणावळीची भर पडली. करारांत रुपयाचा भाव १ शिलिंग १० पेन्स धरलेला होता. चांदी उतरत जाऊन १८९४–९५ च्या सुमारास बाजारांत रुपयास १४ पेन्सहि मिळेनात, तरी कंपनीच्या वांट्याचा अधिक नफा जुन्या भावानेंच पौंडांत मोजला जाई. म्हणजे उन्हाळ्याच्या तेजीचा वाटा फुगवून मिळावयाचा, आणि पावसाळ्याच्या खोटीचा वाटा मुळींच उचलावयाचा नाहीं. आगगाड्यांच्या या बोजाविषयीं गणेश व्यंकटेश जोशी यांनीं, वेल्बी कमिशनपुढें १८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं, आणि १९१२ सालच्या आपल्या पुस्तकांत दिनशा वाच्छा यांनीं टीका केली, ती आमच्या अर्थविषयक वाङ्मयाचा मोठा भाग आहे; परंतु त्या टीकेच्या गदारोळांत सहामाहीचा हा बारकावा सामान्य वाचकाच्या स्मरणांत राहिला नाहीं. १९०० सालीं सरकारनें हा मार्ग विकत घेतला, पण किंमत एकदम न देतां वार्षिक हप्त्यांनीं द्यावयाची ठरली, आणि ते हप्ते १९४८ पर्यंत चालले. मार्गाचा कारभार कंपनीच्या हातून निघाला तो १९२५ सालीं.

या गोष्टीचा आजच्या तिमाही पत्रकांशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, तोच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिशोबशास्त्रज्ञांपुढें पुनः आला, आणि त्यांचे दोन पक्ष झाले. अमेरिकेंतील हिशोबमंडळानें १९७३ सालीं असें मत दिलें कीं, तिमाही हा वर्षाचा अवयव आहे. सबब ज्या खर्चाचा लाभ साऱ्या वर्षास व्हावयाचा तो चारहि तिमाह्यांत वांटून टाकण्यास हरकत नाहीं. १९९८ सालीं जो आंतरराष्ट्रीय दंडक तयार झाला (त्याचा क्रमांक ३४) त्यानें दुसरी दिशा धरली. वर्षअखेरीस जो खर्च पुढें ढकलतां येणार नाहीं तो मधल्या पत्रकांतहि ढकलूं नये. हंगामी उत्पन्न हंगाम येईल तेव्हांच दाखवावें. आणि मोजमाप नेहमीं वर्षारंभापासून त्या दिवसापर्यंत एकत्र करावें. त्यांतील एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. कंपनी वर्षांतून किती वेळां हिशोब देते यावर तिच्या वर्षाच्या निकालाचें मोजमाप अवलंबून असतां कामा नये. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाच्या करारानें जें केलें त्याच्या बरोबर उलट हें आहे. करारांतील वाटणी व हिशोबांतील मोजणी या गोष्टी भिन्न खऱ्या, पण कात्रीनें नफा निर्माण होऊं नये ही बुद्धि दोहोंकडे एकच लागते.

हिंदुस्थानांत हा विचार २००२ सालच्या पंचविसाव्या हिशोबी दंडकानें आला, आणि पुढें मोठ्या कंपन्यांस आंतरराष्ट्रीय दंडकाचाच देशी अवतार लागू झाला. त्याची कसोटी पाहावयाची तर साखरेच्या कंपन्या पाहाव्या. ऊंस गळितास येतो दसरा-दिवाळीनंतर, आणि चुलवण थंड होतें उन्हाळ्यांत. पुढें चार-पांच महिने कारखाना बंद; तेव्हां यंत्रें खोलून साफ करावयाचीं, झिजलेले लाट बदलावयाचे, आणि कायम नोकरांचे पगार चालूच. बिनहंगामी तिमाहीचा हा खर्च त्याच तिमाहीवर टाकला तर तोटा दिसतो. तो येणाऱ्या हंगामाच्या साखरेच्या किंमतींत धरावयाचा म्हणून पुढें ओढला तर तिमाही बरी दिसते. अशी ओढ करून तशी टीप देण्याची चाल कांहीं साखर कंपन्यांत होती. तिला लबाडी म्हणणें अन्यायाचें होईल, कारण वैशाखांतील शाकारणीचाच हा प्रश्न आहे. पण टीप न वाचतां केवळ आंकडा वाचणारा भागधारक तेथें हमखास फसावयाचा. कराचें तसें नाहीं. तेथें दंडकानेंच वर्षाचा विचार पुढें केला असून साऱ्या वर्षाचा सरासरी दर अंदाजून तो तिमाहीच्या नफ्यास लावावा असें सांगितलें आहे. आणि गुडविलच्या बाबतींत तर मौजच झाली. मधल्या पत्रकांत त्याची किंमत एकदां घटविली कीं, वर्षअखेरीस स्थिति सुधारली तरी ती परत चढवावयाची नाहीं, असा निर्णय २००६ सालीं देण्यांत आला. म्हणजे सहामाही हिशोब देणाऱ्या कंपनीचा वार्षिक नफा तो न देणारीपेक्षां निराळा येऊं शकतो! वरचें सुंदर कलम आणि हा निर्णय यांचें भांडण आहे, हें निर्णय देणाऱ्यांनीं स्वतःच मान्य केलें आहे.

धोरणांची टीप कितीहि चोख असली तरी ती हडसनास अडवूं शकत नाहीं, हें आमच्या देशानें २००९ सालीं पाहिलें. त्या वर्षाच्या ७ जानेवारीस सत्यम कॉम्प्युटर या हैदराबादच्या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं आपल्या संचालकांस जें कबुलीपत्र लिहिलें, त्यांतील आंकडे वर्षअखेरचे नव्हते. ते ३० सप्टेंबर २००८ चे, म्हणजे मधल्या ताळेबंदाचे होते. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणें वहींतील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकड व बँकशिल्लकेपैकीं ५,०४० कोटी अस्तित्वांतच नव्हते. त्या एका तिमाहीचें उत्पन्न २,७०० कोटी दाखविलें होतें, खरें २,११२ कोटी. नफा ६४९ कोटी दाखविला होता, खरा ६१ कोटी. वाचकांनीं वजाबाकी करून पाहावी. दोहोंतील फरक नेमका ५८८ कोटींचाच येतो. कल्पित गिऱ्हाइकास कल्पित काम करून देण्यास खर्च लागत नाहीं, म्हणून कल्पित उत्पन्न सगळेंच्या सगळें नफ्यांत उतरतें.

तिमाही हिशोबाची सक्ति असावी कीं नसावी, हा वाद अलीकडे पुनः माजला आहे. युरोपीय संघानें २०१३ सालीं व ब्रिटननें २०१४ सालीं तिमाहीची सक्ति काढून टाकली, व हडसनच्या देशांतील कंपन्यांवर पुनः सहामाही पत्रकाचेंच बंधन उरलें. हिंदुस्थानांत २०१५ सालीं सेबीनें जे नियम केले त्यांत तिमाहीच कायम राहिली. पहिल्या तीन तिमाह्यांचीं पत्रकें प्रत्येकीं ४५ दिवसांत, आणि शेवटचें वर्षाच्या तपासलेल्या हिशोबासह ६० दिवसांत प्रसिद्ध व्हावें, असें त्यांत ठरविण्यांत आलें. या शेवटच्या पत्रकाखालीं बहुधा आणखी एक टीप सांपडते. चौथ्या तिमाहीचे आंकडे निराळे मोजलेले नसून, वर्षाच्या आंकड्यांतून पहिल्या नऊ महिन्यांचे आंकडे वजा जातां जी बाकी राहिली ती येथें दिली आहे. पहिल्या तीन तिमाह्यांत ज्या अंदाजांत चूक झाली असेल, तें सारें त्या बाकींत येऊन पडतें. मार्चअखेरचा रकाना एकाएकीं फुगलेला किंवा खंगलेला दिसला तर प्रथम तेथें पाहावें.